गावाचे मत आणि तहसिलीचे दप्तर

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील ताकतोडा ह्या गावाचे नाव २०१९ च्या जुलैपर्यंत तालुक्याबाहेर फारसे कोणाच्या तोंडी नव्हते. परंतु त्या महिन्यात गावकऱ्यांनी ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला, तसे पत्र मुख्यमंत्र्यांच्या नावे रवाना केले, आणि पाहता पाहता मुंबईपुण्याच्या वार्ताहरांच्या मोटारी त्या कच्च्यापक्क्या रस्त्यावरून धुरळा उडवीत येऊ लागल्या. तक्रार जुनीच होती. २०१७ साली जाहीर झालेल्या कर्जमाफीचा लाभ खात्यावर आला नव्हता, पीकविम्याचा हप्ता भरूनही भरपाई पदरात पडली नव्हती, आणि जुनी बाकी असल्यामुळे बँक नवे पीककर्ज द्यावयास तयार नव्हती. गाव विकण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही, गावठाण व गायरान ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे, आणि अशा खरेदीखताची नोंद कोणताही दुय्यम निबंधक करणार नाही, ही गोष्ट फलक रंगविणाऱ्याला ठाऊक नव्हती असे समजणे म्हणजे शेतकऱ्याच्या व्यवहारज्ञानाचा अपमान करणे होय. सातबाऱ्यावरील एका चुकीच्या अक्षरासाठी वर्षभर खेटे घालणाऱ्या माणसाला खरेदी-विक्रीचे नियम आपण शिकवण्याची गरज नाही. तो फलक म्हणजे त्या गावाचे शेतीच्या अर्थकारणाविषयीचे मत होते, आणि ते मत मांडण्याचे आधीचे सर्व रीतसर मार्ग वापरून झाल्यावर ते ह्या रूपात बाहेर पडले होते.

चार वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, त्याच सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली, सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला, शेंगा भरण्याआधीच पाने पिवळी पडून शेते वाळली, आणि कर्ज मात्र जसेच्या तसे राहिले. तेव्हा ह्या मंडळींनी स्वतःच्या अवयवांचे दरपत्रक तयार केले, मूत्रपिंडाला इतके, यकृताला इतके, डोळ्यांना इतके, आणि ह्या विक्रीतून बँकेचे देणे फेडून घ्यावे अशी विनंती सरकारला केली. वृत्तवाहिन्यांनी ते दरपत्रक पडद्यावर दाखविले, दोन दिवस देशभर चर्चा झाली, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली.

वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर चालू राजकारणाविषयी मते देणाऱ्यांची आज मुळीच वाण नाही. शेतमालाचा भाव, आरक्षण, महामार्ग, जातगणना, ह्यांपैकी कोणताही विषय निघो, मुंबईत किंवा पुण्यात बसलेला भाष्यकार त्यावर घटकाभरात मत देऊ शकतो, आणि ते छापलेही जाते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या माणसालाही ह्याच विषयांवर मते असतात. किंबहुना हे विषय त्याच्या अंगावरून जात असल्यामुळे त्याची मते पुष्कळदा अधिक नेमकी असतात. पण ती जगापुढे यावयाची तर त्यांना विचित्र रूप घ्यावे लागते, नाहीतर ती तहसिलीच्या दप्तरात विसावतात, असा आमचा गेल्या काही वर्षांच्या घडामोडींवरून झालेला ग्रह आहे, आणि तो तपासून पाहावा एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दप्तराकडेच पाहू. गावात एखादा प्रश्न उभा राहिला म्हणजे चार जाणती माणसे झाडाखाली किंवा पंचायतीच्या ओट्यावर बसतात, कोणी शिकलेला तरुण निवेदनाचा मसुदा करतो, झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या प्रती निघतात, त्याखाली सह्या आणि अंगठे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तीन-चार जण तालुक्याला जातात. तहसील कचेरीत आवक-जावकाची एक खिडकी असते. तेथला कारकून कागद उलटून पाहतो, मूळ प्रत आत ठेवतो, आणि आपल्याजवळच्या प्रतीवर गोल शिक्का उठवून त्यात तारीख टाकतो. ह्या शिक्क्याला ‘पोच’ म्हणतात. गावकरी ती पोच घडी घालून वरच्या खिशात ठेवतो, आणि पुढे महिनोन्महिने कोणी विचारले की ती काढून दाखवितो. अनेकदा त्या प्रकरणात त्याच्या हाती लागलेली शासनाची एवढीच वस्तू असते. मूळ अर्ज ‘पुढील कार्यवाहीस्तव’ वर जातो, वरून ‘अहवाल सादर करावा’ म्हणून खाली येतो, आणि अखेरीस ज्या तलाठ्याच्या कामाविषयी तक्रार होती त्याच तलाठ्याकडे चौकशीसाठी पोहोचतो. ‘अर्ज दिऊन काय व्हतंय, दादा?’ हे वाक्य सेनगाव-औंढ्याच्या टपऱ्यांवर जितक्या वेळा ऐकू येते तितके क्वचितच दुसरे कोणते येत असेल.

गावाच्या मतापुढे कागदाने कशी कुरघोडी करावी ह्याचा उत्तम दाखला पैसेवारीत सापडतो. पीक किती आले हे गावाला दिसते, परंतु ते सरकारला दिसावयाचे तर त्याचे रूपांतर पैशांत करावे लागते: रुपयाला पूर्ण पीक मानून हंगामात किती पैसे पीक आले ते ठरवायचे, आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि शेवटी अंतिम. अंतिम आकडा पन्नासच्या खाली आला तर जमीन महसुलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, कर्जाचे पुनर्गठन असे काही दिलासे मिळू शकतात. पन्नासच्या वर राहिला तर शेतात उभे वाळलेले पीक कागदावर बरे आले असे ठरते. २०१६ च्या दुष्काळसंहितेने उपग्रहाचे निर्देशांक, जमिनीतील ओल, पावसाची तूट अशी शास्त्रीय परिमाणे आणली खरी, परंतु पारावरचा माणूस आजही विचारतो तो ‘आमच्या गावाची पैसेवारी किती लावली?’ हाच प्रश्न, आणि ह्या ‘लावली’ शब्दात त्याचे सारे मत येऊन जाते.

ह्या मुलखाने मुकाट्याने राहण्याची सक्तीही अनुभवलेली आहे. हिंगोली ही निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती, आणि आजचा हा जिल्हा तेव्हाच्या परभणी जिल्ह्याचा भाग होता, ज्याचा मुख्य अंमलदार ‘अव्वल तालुकदार’ म्हणून ओळखला जाई. त्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकामुळे सार्वजनिक सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. म्हणजे रयतेला मत असणे हा गुन्हा नव्हता, ते दहा माणसांत बोलणे मात्र गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. त्या लढ्यात वसमत तालुक्यातून जी माणसे उतरली त्यांपैकी हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव आज वसमतच्या महाविद्यालयावर आहे. पुढे मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळे होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत ह्या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यामुळे कलेक्टरची कचेरी जवळ आली. त्यामुळे अर्जाचा प्रवास लांबीने कमी झाला, मुदतीने झाला की नाही हे ज्याने त्याने आपल्या खिशातील पोच पाहून ठरवावे.

मग गावापाशी उरते ते मतदान, आणि ह्या बाबतीत हिंगोलीची नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात जिल्ह्याच्या तीन विधानसभा क्षेत्रांबरोबर नांदेडमधील किनवट व हदगाव आणि यवतमाळमधील उमरखेड अशी क्षेत्रे आहेत. १९९१ साली विलास गुंडेवार, १९९६ साली शिवाजी माने, १९९८ साली सूर्यकांता पाटील, १९९९ साली पुन्हा माने, २००४ साली पुन्हा पाटील, २००९ साली सुभाष वानखेडे, २०१४ साली राजीव सातव, २०१९ साली हेमंत पाटील, २०२४ साली नागेश पाटील आष्टीकर: ह्या नऊ निवडणुकांत एकही खासदार लागोपाठ दोनदा निवडून गेला नाही. कधी शिवसेना, कधी काँग्रेस, कधी राष्ट्रवादी. देशात २०१४ साली भाजपच्या बाजूने लाट असताना येथे सातव थोडक्या मतांनी का होईना पण काँग्रेसचे निवडून आले. राजकीय पंडित ह्याला जातींची गणिते, पक्षांतर्गत फितुरी, उमेदवाराचे खर्चाचे सामर्थ्य अशी कारणे देतात, आणि ती खोटी नाहीत. तरीही तेहतीस वर्षे एवढ्या सातत्याने एकच गोष्ट घडत असेल तर तिला मतदारांचे मत म्हणणे भाग आहे. हे मत केवळ ‘नको’ एवढेच सांगते, काय हवे ते सांगत नाही, ही त्याची मर्यादा. आणि पाच वर्षांतून एकदाच सांगता येते, ही दुसरी.

२०२३ च्या शरदात ही दुसरी मर्यादा एकाएकी तुटली. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर रोजी मराठा आरक्षणासाठी बसलेल्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला, त्यांचे नेते मनोज जरांगे पाटील यांचे नाव घरोघर पोहोचले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मराठवाड्यातील अनेक गावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. लोकप्रतिनिधीला गावात येऊ न देणे हे घटनेने दिलेल्या संचारस्वातंत्र्याशी विसंगत आहे, हा आक्षेप रास्तच होता. परंतु तो घेणाऱ्यांपैकी बहुतेक पुढारी त्याआधीच्या चार वर्षांत त्या गावी कितीदा गेले होते, असा प्रतिप्रश्न वेशीवर बसलेली पोरे करीत, आणि त्याला उत्तर देणे अवघड होते. ह्याच धामधुमीत हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर लोकसभेकडे राजीनामा सादर केला. पुढच्या महिन्यात, २६ नोव्हेंबर रोजी, हिंगोलीच्या ज्या रामलीला मैदानावर दरवर्षी दसऱ्याचा मोठा उत्सव भरतो, त्याच मैदानावर इतर मागासवर्गीयांची एल्गार सभा झाली, आणि तेव्हा मंत्रिमंडळात असलेल्या छगन भुजबळ यांनी तेथे आपल्याच सरकारच्या धोरणावर टीकेचे आसूड ओढले. सुमारे सात महिन्यांनी, ६ जुलै २०२४ रोजी, जरांगे यांनी आपल्या शांतता रॅलीचा प्रारंभ हिंगोलीतूनच केला. एकाच गावच्या दोन गल्ल्यांतून माणसे ह्या दोन वेगवेगळ्या सभांना गेली.

येथे एक विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. खासदार हेमंत पाटील राजीनामा दिल्यानंतरही मुदत संपेपर्यंत खासदार राहिले. मंत्री भुजबळ यांनीही आपण अंबडच्या अशाच सभेपूर्वी, १६ नोव्हेंबर २०२३ लाच, राजीनामा दिला होता असे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले, आणि तेही मंत्रिपदावर होतेच. म्हणजे मोठ्या माणसांचे कागदसुद्धा दप्तरात विसावू शकतात. फरक एवढाच की त्यांना पोच लागत नाही. २०२४ च्या निवडणुकीत पाटील यांची आधी जाहीर झालेली उमेदवारी मागे घेऊन ती बाबुराव कदम कोहळीकर यांना देण्यात आली, २६ एप्रिलला मतदान झाले, आणि मतदारसंघाने आपला जुना शिरस्ता मोडला नाही.

आरक्षणाच्या वादाचे पुढचे पर्व अधिक गंभीर आहे, कारण त्यात सरकार स्वतःच गावाचे मत विचारावयास निघाले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने ‘हैदराबाद गॅझेट’चा आधार घेऊन मराठवाड्यातील मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविली. सामान्य वाचकाची येथे गफलत होते, ती अशी की गॅझेटात आपल्या पणजोबाचे नाव सापडेल अशी त्याची कल्पना असते. गॅझेटियर म्हणजे मुलखाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ; हैदराबाद संस्थानाविषयीचा १९०९ चा ग्रंथ हा १९०१ च्या खानेसुमारीवर आधारलेला असून त्यात जिल्ह्यागणिक जातींची संख्या आहे, व्यक्तींची नावे नाहीत. अमक्या जिल्ह्यात कुणबी इतके होते एवढे तो सांगतो, त्यांत तुमचे पूर्वज होते की नाही हे सांगत नाही. ही दरी भरून काढण्यासाठी शासननिर्णयाने गावपातळीवर तिघांची समिती नेमली आहे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. (नावे बदलली असली तरी लोक त्यांना तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकच म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणू.) जमिनीच्या मालकीचा पुरावा नसेल तर अर्जदाराने, आपण किंवा आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून त्या भागात राहत होतो, असे प्रतिज्ञापत्र करावयाचे, गावातल्या किंवा कुळातल्या ज्या नातलगास कुणबी प्रमाणपत्र मिळाले असेल त्याने नाते मान्य करणारे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, मग समितीने स्थानिक चौकशी करावयाची, आणि तिच्या अहवालावरून सक्षम अधिकाऱ्याने निर्णय घ्यावयाचा.

‘स्थानिक चौकशी’ हा शब्दप्रयोग कागदावर फार निरुपद्रवी दिसतो. परंतु एक हजार वस्तीच्या गावात तलाठी वंशावळ घेऊन बसला, आणि अमक्याचे आजे नि तमक्याचे आजे चुलतभाऊ होते काय, असे त्याने चावडीत विचारले, म्हणजे त्या प्रश्नाभोवती किती गोष्टी जमा होतात! बांधाचा जुना तंटा असतो, गेल्या पंचायतीच्या निवडणुकीतला दगाफटका असतो, आणि मागल्या बाकावर असाही एक माणूस बसलेला असतो, ज्याच्या मुलाची इतर मागासवर्गातील जागा ह्या होकारामुळे आक्रसणार अशी त्याची समजूत झालेली असते. आजवर शेजाऱ्याविषयीचे मत पारावर बोलले की विरून जाई. आता त्याला दाखल्याचा आधार होण्याइतके वजन आले. आमच्या मते ह्या योजनेतला कच्चा दुवा हाच आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू मराठा शेतकऱ्याची दैना कोणी नाकारू नये, ती सेनगावच्या फलकांनी पुरेशी सिद्ध केली आहे. परंतु दोन समाजांमधील वादाचा निवाडा तीन कनिष्ठ नोकरांच्या आणि गावच्या तोंडी साक्षीच्या माथी मारणे म्हणजे जो निर्णय वरिष्ठांना घेता आला नाही, तो वेशीच्या आत ढकलणे होय.

शिवाय एक दार उघडले की त्यातून दुसराही डोकावतो. हैदराबादच्या जुन्या नोंदींचाच दाखला देऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जागोजागी मोर्चे निघाले. धनगर समाजाची तीच मागणी फार आधीपासूनची आहे. आणि कळमनुरी व औंढ्याच्या डोंगराळ भागात राहणारा, आज अनुसूचित जमातीत असलेला आंध समाज ह्या दोन्ही मागण्यांकडे आपल्या ताटातला घास जाण्याच्या भीतीने पाहतो. मुंबईच्या चर्चेत मराठ्यांसह हे चार ‘घटक’ असतात. कळमनुरीच्या आठवडी बाजारात ते एकाच पालाखाली मिरच्या निवडत असतात, आणि बाजार उठल्यावर एकाच टमटममध्ये दाटीवाटीने बसून घरी जातात. मते वेगळी असूनही. ह्या सहवासाची दखल घेणारा रकाना कोणत्याही अहवालात नसतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वसमतकडे, प्रश्नाचे रूप अगदीच निराळे आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर ह्या पूर्णा प्रकल्पाच्या धरणांचे पाणी कालव्याने ह्या भागात आले, त्यामुळे येथे काळ्या रानात ऊस, केळी आणि हळद उभी राहते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तेथल्या हळद बाजारात दूरदूरचे व्यापारी येतात. ताकतोड्याने गाव विकावयास काढले होते. वसमतकडच्या अनेक शेतकऱ्यांची तक्रार नेमकी उलटी, आपण विकावयास काढले नसताना जमीन घेतली जाते, अशी आहे. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून सिंधुदुर्गातील पत्रादेवीपर्यंत बारा जिल्ह्यांतून जाणारा सुमारे ८०२ किलोमीटरचा नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग हिंगोली जिल्ह्यातून नेण्याचे ठरले, २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली, आणि मोजणीसाठी येणाऱ्या पथकांना ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी अडविले. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही शक्तिपीठे आणि औंढा नागनाथ, परळी ही ज्योतिर्लिंगे जोडली जातील, भाविकांचा प्रवास सुखाचा होईल, असे सरकारचे म्हणणे आहे. नागनाथाला येणारा बहुतेक भाविक एस.टी.ने किंवा पायी येतो, हे मात्र औंढ्याच्या बसस्थानकावर तासभर उभे राहिल्यास कोणासही दिसावे.

ह्या विरोधात सगळे गाव एकमुखी असते असेही नाही. ज्याची तीन एकर बागायत बरोबर मधोमध चिरली जाणार, आणि विहीर एकीकडे व रान दुसरीकडे राहणार, तो जिवाच्या आकांताने विरोध करतो. ज्याची मुरमाड कोरडवाहू पट्टी कडेने जाणार आणि मुलगी लग्नाची आहे, तो मोबदल्याचा आकडा कानावर येताच गप्प होतो. आणि ज्याची जमीन रस्त्यात येतच नाही तो दोघांनाही सल्ला देतो. तरीही ज्या पद्धतीने हे मत घेतले जाते ती पाहण्यासारखी आहे. महामार्गासाठी जमीन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली घेतली की ज्याची जमीन जाते त्याने व्यक्तिशः हरकत नोंदवावयाची, त्याची सुनावणी व्हावयाची, आणि हरकत फेटाळल्याचा कागद त्याच्या हाती पडावयाचा. गावाने गाव म्हणून केलेला ग्रामसभेचा ठराव ह्या व्यवहारात भावना म्हणून वाचला जातो, हुकूम अडविण्याचे सामर्थ्य त्यात नसते. पुढे आखणीत बदल करण्याच्या घोषणाही झाल्या. परंतु त्या कोल्हापूर-सांगलीकडच्या राजकीय दबावाने किती झाल्या आणि मराठवाड्यातील ठरावांनी किती, हे सांगावयाचे झाले तर आम्ही आमचे मत दबावाच्या पारड्यात टाकू.

गावाचे मत कायद्याने निर्णायक ठरते असे एक उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे, आणि त्याचे श्रेय बायकांना आहे. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे असे वाटल्यास २००८ च्या नियमानुसार एकूण महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के स्त्रियांनी सह्यांनिशी मागणी करावी, सह्यांची पडताळणी व्हावी, आणि मग गुप्त मतदान घेतले जावे. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. ठरविलेले बहुमत आडव्या बाटलीला पडले की दुकान बंद. येथे निवेदन नाही, पोच नाही, ‘पुढील कार्यवाहीस्तव’ नाही. ज्या सरकारला दारूच्या करातून उत्पन्न मिळते त्याच सरकारने हा अधिकार दिला, आणि आकाश कोसळले नाही. मग जमिनीविषयी, पाण्याविषयी, पीकविम्याच्या पंचनाम्याविषयी गावाच्या ठरावाला निदान ठराविक मुदतीत लेखी व सकारण उत्तर मिळालेच पाहिजे, एवढे बंधन घालण्यास कोणती अडचण आहे? मान्य करा वा अमान्य करा, पण कारण द्या. ह्याहून मोठी मागणी आम्ही तूर्त करीत नाही.

अर्थात गावानेही आपल्या हातचे साधन किती वापरले हे विचारले पाहिजे, आणि येथे उत्तर फारसे सुखाचे नाही. ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात. प्रघाताने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या दिवशी भरतात. राष्ट्रीय दृष्टीने ह्या तारखा थोर आहेत. हिंगोलीच्या शेतीच्या दृष्टीने त्यांपैकी तीन तरी अडचणीच्या आहेत. १ मे रोजी लग्नसराई ऐन भरात असते आणि उकडून वाळविलेली हळद पॉलिश करून बाजारात नेण्याची घाई असते. १५ ऑगस्टला उघडीप मिळाली की माणूस पाठीला पंप बांधून फवारणीला जातो, कारण ती चुकली तर अळी थांबत नाही. २ ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी चाललेली असते, मजुराची टोळी मिळालेली असते, आणि वर परतीच्या पावसाचे ढग. त्या दिवशी घरचे कुत्रेसुद्धा शेतात असते. महिलांची सभा ह्या सभेच्या आधी घेण्याचा नियम आहे. ती किती ठिकाणी प्रत्यक्ष भरते आणि किती ठिकाणी वहीतच भरते, हे ग्रामसेवकाने सांगावे.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. गावबंदीच्या फलकाखाली जे गाव रात्रभर बसले, जरांग्यांच्या किंवा भुजबळांच्या सभेला ट्रॅक्टर भरभरून गेले, त्या गावात शंभर माणसे मिळणे अशक्य नाही. तरी ती येत नाहीत, कारण मोर्चाला गेले तर टीव्हीवर दिसते आणि ग्रामसभेला गेले तर काहीच घडत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. मग ध्वजारोहण उरकल्यावर ग्रामसेवक अर्धा तास वाट पाहतो, वहीत ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असे लिहितो, आणि पुढची तारीख देतो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्या दिवशी सरपंच, दोन-तीन सदस्य, शिपाई आणि कागदावर सही हवी म्हणून सहज आलेला एखादा खातेदार एवढी मंडळी पंचायतीच्या खोलीत बसतात, पंखा असला तर तो लावतात, विषयपत्रिकेवरील सर्व विषय एकामागून एक वाचले जातात, आणि प्रत्येकापुढे ग्रामसेवक एकाच वळणदार अक्षरात लिहीत जातो: ‘सर्वानुमते मंजूर.’